अलमट्टीची बातमी कशी वाचायची

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडं सरकू लागली की कोल्हापुरात अलमट्टीची, म्हणजे कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणाची चर्चा पेटते; त्याची उंची वाढली तर इकडं पूर वाढेल ही भीती. मी नागरिकशास्त्र शिकवते. मुलांना सांगते, पेन्सिल घ्या, बातमीतल्या क्रियापदांखाली रेघ ओढा: मागणी केली, परवानगी दिली, रोखलं. समोर लिहा, हे कोणी केलं आणि तो अधिकार त्याला कुठून मिळाला.

मग राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडा, केंद्र आणि राज्यांचे विषय वाटून देणारी. पाणी राज्यसूचीत, 17वी नोंद. पण ती केंद्रसूचीतल्या 56व्या नोंदीच्या अधीन, आणि तिथं आंतरराज्य नद्या आहेत. धरण कर्नाटकात असलं तरी कृष्णा एकट्या कर्नाटकची नाही.

पुढं कलम 262. असे वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारा कायदा संसद करू शकते, तो तिनं 1956 मध्ये केला. म्हणून वाद लवादाकडं, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाकडं. कृष्णेच्या लवादानं 2010 मध्ये अलमट्टीची उंची 519.60 वरून 524.256 मीटर करायला मुभा दिली. निवाडा राजपत्रात छापायचं काम मात्र केंद्राचं, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते छापणंच रोखलं.

इथं मुलं हमखास विचारतात, न्यायालयाला तर दार बंद होतं ना? उत्तर कलम 136 मध्ये आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष परवानगीनं अपील करण्याच्या तरतुदीत. लवादाच्या निवाड्यावर त्याखाली अपील चालतं, असं न्यायालयानं 2016 मध्ये कावेरीच्या खटल्यात स्पष्ट केलं. हा प्रश्न मला फार आवडतो, त्यावर अख्खा तास गेला तरी चालेल.

शेवटी निवेदनाचा पत्ता. उंचीबद्दल जिल्हाधिकाऱ्यांकडं दाद मागून भागत नाही. ते निवेदन पुढं पाठवतील, पण राजपत्राचा निर्णय केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाकडं. विधानसभेचा ठरावही केंद्रावर बंधनकारक नसतो, त्यामुळं खासदारांनाही प्रत द्या.