हार्डडिस्कवर कॉपी एकावेळी एकच लावा

लग्नाचा सीझन आला की सांगलीत आमच्या स्टुडिओत बॅकअपला रात्र व्हायची, कारण घाईत तीन-चार फोल्डर एकदमच जुन्या हार्डडिस्कवर टाकायचो आणि स्पीड पार बसायचा. डिस्कचं हेड, म्हणजे डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, ह्या फाईलकडनं त्या फाईलकडं पळत राहतं, आणि 7200 आरपीएमच्या (मिनिटाला 7200 फेरे मारणाऱ्या) डिस्कला नुसता एक फेरा मारायलाच साधारण 8 मिलिसेकंद लागतात.

1. एक फोल्डर पूर्ण झाला की मगच दुसरा लावा.
2. बारीक फाईली हजारो असतील तर आधी पीसीच्या एसएसडीवर (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) त्यांची एकच झिप करा, कॉम्प्रेशन बंद ठेवून, जेपीजी फोटो तसेही फारसे दबत नाहीत, मग ती झिप डिस्कवर टाका.

फक्त झिप डिस्कवरनं उघडून बघितल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका.