टीव्ही एचडी आहे, पण चित्र एचडी आहे का?

एचडीचे (हाय डेफिनिशन, म्हणजे जास्त तपशिलाच्या चित्राचे) पडदे जगभर घराघरांत झपाट्याने पोहोचले. एचडी प्रक्षेपण मात्र त्यांच्या मागे रखडत आले. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी १२ जून २००९ रोजी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केले, जपानच्या बहुतेक भागात ते २४ जुलै २०११ रोजी बंद झाले. त्याची जागा डिजिटलने घेतली, पण डिजिटल म्हणजे एचडी नव्हे. एका एचडी वाहिनीच्या जागेत अनेक एसडी (स्टँडर्ड डेफिनिशन, म्हणजे जुन्या, कमी तपशिलाच्या) वाहिन्या बसतात, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी चित्राच्या दर्जापेक्षा वाहिन्यांच्या संख्येला प्राधान्य मिळाले. म्हणून आजही अनेक एचडी टीव्हींवर एसडी चित्रच ताणून दिसते. तुमच्याकडे काय दिसतेय, हे तपासता येते.

सुरुवात सिग्नलपासून करा, टीव्हीच्या मेन्यूपासून नव्हे. ७२०×५७६ च्या एसडी चौकटीत सुमारे ४ लाख १५ हजार पिक्सेल असतात, १९२०×१०८० मध्ये २० लाख ७३ हजार. जो तपशील आलाच नाही, तो कुठल्याही सेटिंगने उगवत नाही.

टीव्हीच्या रिमोटवरचे इन्फो बटण दाबा. इथे बहुतेक जण फसतात: टीव्ही जो आकडा दाखवतो तो सेट-टॉप बॉक्सच्या आउटपुटचा असतो, वाहिनीचा नव्हे. बॉक्स १०८० वर लावलेला असेल, तर तो एसडी वाहिनीही मोठी करून १०८० म्हणूनच पाठवतो. बॉक्सच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ‘नेटिव्ह’ किंवा ‘ओरिजिनल’ असा पर्याय असेल तर तो निवडा आणि मग वाहिन्या बदला. ५७६आय किंवा ४८०आय दिसले की वाहिनी एसडी; ७२०पी किंवा १०८०आय दिसले की एचडी. (‘आय’ म्हणजे चौकट एकाआड एक रेषांच्या दोन भागांत येते, ‘पी’ म्हणजे पूर्ण चौकट एकदम.) हा पर्याय नसेल तर बातम्यांच्या पट्टीतली बारीक अक्षरे आणि मैदानावरचे गवत पाहा. गवताचा नुसता हिरवा लगदा दिसला, तर संशय घ्यायला हरकत नाही.

एकाच वाहिनीच्या एसडी आणि एचडी आवृत्त्या बहुधा वेगवेगळ्या क्रमांकांवर असतात, आणि सवयीने जुनाच क्रमांक दाबला जातो. एचडी आवृत्ती यादीतच नसेल तर वाहिन्या पुन्हा स्कॅन करा. तरीही सापडली नाही, तर ट्यूनर (सिग्नल पकडणारा भाग) जुना असू शकतो. ब्रिटनमध्ये २००९च्या अखेरीस अँटेनावरचे एचडी डीव्हीबी-टी२ या नव्या पद्धतीने सुरू झाले. फक्त जुनी डीव्हीबी-टी पद्धत जाणणाऱ्या बॉक्सना ते दिसूच शकत नव्हते. अशा वेळी कितीही स्कॅन केले तरी उपयोग नाही, बॉक्सच बदलावा लागतो.

आता मागची वायर पाहा. पिवळ्या पिनची वायर फक्त एसडी वाहून नेते. बॉक्सला एचडीएमआय असूनही पिवळी वायरच जोडलेली, हा सर्रास आढळणारा प्रकार. लाल-हिरवी-निळी अशी तीन वायरींची जोडणी १०८०आय पोहोचवते, पण आवाजासाठी वेगळी वायर लागते. सोय असेल तिथे एचडीएमआयच वापरा. महागड्या केबलच्या नादी लागू नका, तिने रंग उजळत नाहीत. केबल खराब किंवा फार लांब असेल तर चित्र अंधुक होत नाही. त्यात ठिपके चमकतात किंवा ते मधूनच जाते. पडदा नुसताच काळा राहत असेल, तर मधला स्प्लिटर किंवा जुना अ‍ॅम्प्लिफायर काढून बॉक्स थेट जोडून पाहा; बऱ्याचदा कॉपी-संरक्षणाची ओळखपरेड तिथेच अडलेली असते.

तपासणी झाली की बॉक्सचे आउटपुट टीव्हीला जुळेल असे लावा. पॅनेल १९२०×१०८० असेल तर १०८०. लहान टीव्ही अनेकदा १३६६×७६८ चे असतात; त्यांना कुठलेच प्रमाण नेमके जुळत नाही, म्हणून ७२०पी आणि १०८०आय दोन्ही लावून सरकती पट्टी पाहा. अक्षरांच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसले, तर ७२०पी ठेवा.

यानंतर ओव्हरस्कॅन बंद करा. जुन्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे झाकल्या जात. ती सवय अनेक नव्या टीव्हींनीही जपली आहे. ते चित्र थोडे मोठे करून कडा कापतात आणि त्यापायी प्रत्येक पिक्सेल नव्याने मोजला जाऊन बारीक रेघा पुसट होतात. ओव्हरस्कॅन बंद करण्याचा पर्याय ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘डॉट बाय डॉट’ किंवा ‘१:१’ अशा नावांनी चित्राच्या आकाराच्या मेन्यूत असतो. बरोबर लागला की कोपऱ्यातला वाहिनीचा लोगो किंचित आत सरकतो.

चित्राचे बाकी सेटिंग फारसे अवघड नाही. ‘व्हिव्हिड’ सोडून ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ घ्या, एचडीसाठी नॉइज रिडक्शन बंद ठेवा. शार्पनेस मात्र जपून: अक्षरांभोवतीची पांढरी कड जाईपर्यंत कमी करा. काही टीव्हींत ती शून्यावर जाते, काहींत मध्यावर.

बसण्याचे अंतरही मोजा. १०८० चा पूर्ण तपशील पडद्याच्या उंचीच्या साधारण तिपटीपर्यंत दिसतो. ४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५४ सेंटिमीटर, म्हणजे अंतर सुमारे १.६ मीटर. त्याच पडद्यापासून अडीच मीटरच्या पलीकडे बसणार असाल, तर ७२० आणि १०८० मधला फरक डोळ्यांना जवळपास कळत नाही. सोफा पुढे ओढा, नाहीतर पडदा मोठा घ्या.