नव्या वॉर्डात परिचारिकेने विश्वास कसा मिळवावा

शिक्षण संपवून वॉर्डात रुजू झालेल्या परिचारिकेला सुरुवातीच्या आठवड्यांत कामापेक्षा माणसांचेच दडपण अधिक जाणवते. शिकलेली शुश्रूषा आणि प्रत्यक्ष ड्युटी यांच्या तफावतीतून येणाऱ्या या अवस्थेला परिचर्या-संशोधक मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्ये ‘वास्तवाचा धक्का’ असे नाव दिले. सहकारी नवख्या व्यक्तीला सामावून घेतात ते तिच्या गोड बोलण्यामुळे नव्हे, तर तिच्या शब्दावर विसंबता येते अशी खात्री पटल्यावर.

ही खात्री पटण्याची पहिली जागा म्हणजे हँडओव्हर, अर्थात पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या परिचारिकेकडे सोपवणे. ड्युटीच्या वेळेआधी थोडे लवकर पोहोचून आपल्या वाट्याच्या रुग्णांचे चार्ट नजरेखालून घालावेत आणि ड्युटी संपताना झालेल्या कामाइतक्याच स्पष्टपणे राहिलेले कामही स्वतःहून सांगावे. चार वाजताची लघवीची मोजणी राहून गेली असेल, तर ‘राहिली’ असेच सांगावे; अंदाजाने भरलेला आकडा पुढच्या पाळीत उघडकीस आला, तर तुमच्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मदत मागण्यात कमीपणा नाही, मात्र ती कधी आणि कशी मागावी याचे भान हवे. औषध मोजत असलेल्या सिस्टरना, रुग्ण अत्यवस्थ नसेल तर, मध्येच अडवू नये. रुग्णाची सद्यःस्थिती, पूर्वपीठिका, आपले निरीक्षण आणि आपली अपेक्षा या क्रमाने बोलावे. अमेरिकी नौदलातून रुग्णालयांत आलेली ही ‘एसबीएआर’ पद्धत ज्येष्ठांचा वेळ वाचवते आणि विचारणाऱ्याने आधी स्वतः विचार केला आहे हेही दाखवते. इन्सुलिन किंवा हेपरिन (रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध) देताना दुसऱ्या परिचारिकेकडून मात्रा तपासून घ्यावी. ‘एवढेही येत नाही का?’ असे कोणी म्हणाले, तरी ही सवय सोडू नये.

ज्येष्ठांचा स्वर कठोर असतो, आणि तो दरवेळी अन्यायच असतो असे नाही. चुकीबद्दल बोलणे ही शिकवण होय. पण रुग्णांसमोर वारंवार पाणउतारा करणे, मुद्दाम माहिती दडवणे किंवा अवघड खाटा रोज एकाच व्यक्तीकडे सोपवणे ही छळवणूक ठरते. अशा वेळी तारीख, वेळ, घडलेला प्रसंग आणि उपस्थित व्यक्ती यांची नोंद ठेवून इन्चार्ज सिस्टरांशी एकांतात बोलावे, आणि तक्रार त्यांच्याबद्दलच असेल तर मेट्रनकडे (रुग्णालयातील परिचारिकांच्या प्रमुखांकडे) लेखी जावे. विश्रांतीच्या खोलीतील कुजबुजीत मात्र भाग घेऊ नये.

वॉर्डबॉय, आया आणि सफाई कर्मचारी यांना नावाने ओळखावे. सामान कोठे असते आणि कोणत्या रुग्णाचे नातेवाईक घाबरलेले आहेत, हे त्यांना अनेकदा आधी ठाऊक असते.

मुरलेल्या सहकाऱ्यांशी तुलना करून खचू नये. परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांच्या मांडणीनुसार, साधारण सारख्याच कामात २ ते ३ वर्षे गेल्यावर परिचारिका ‘सक्षम’ टप्प्यावर पोहोचते. त्याआधीच एखाद्या दिवशी ज्येष्ठ सिस्टर स्वतः भरलेले इन्सुलिन तपासण्यासाठी तुम्हाला हाक मारतील. तेव्हा संकोचाने मान डोलावू नये, सिरिंजवरील युनिट चार्टशी ताडून मगच सही करावी.