माऊस शिकणाऱ्याच्याच हाती राहू द्यावा

सोलापुरात यंत्रमागावर हयात घालवलेल्या एखाद्या काकांना संगणक शिकवायला बसाल, तेव्हा आपली खुर्ची थोडी मागे ठेवावी आणि माऊसला स्वतः हात लावू नये, कारण आपण झटकन करून दाखवलेले काम त्यांच्या हातात बसत नाही. डबल क्लिक जमत नसेल, तर फाईलवर एकदाच क्लिक करून एंटर दाबायला सांगावे.

मराठी टायपिंगसाठी मी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलकच सुचवेन, कारण त्यात स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. ‘सोलापूर’ लिहून पाहावे: स उजवीकडे, त्याचा काना-मात्रा डावीकडे, ल उजवीकडे, काना डावीकडे, असे शेवटच्या र पर्यंत हात आळीपाळीने चालतात, जसा मागावर धोटा इकडून तिकडे जातो. ही लय काकांना वेगळी शिकवावी लागत नाही.

शेवटची कृती मागे घेणारी कंट्रोल आणि झेड ही कळांची जोडी पहिल्याच दिवशी दाखवावी, म्हणजे काहीतरी बिघडेल ही धास्ती कमी होते. पासवर्ड किंवा ओटीपी टाकताना मात्र आपण तोंड फिरवावे, आणि का फिरवले तेही त्यांना सांगावे.