रोमन सोन्याचं नाणं कसं ओळखायचं?

नाणं हातात आलं की सगळे आधी चेहरा बघतात. चेहरा राहू द्या, आधी काटा काढा.

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा. रोमन सोन्याचं नाणं म्हणजे ऑरियस. सम्राट ऑगस्टसच्या काळात ते सुमारे ७.८ ग्रॅम भरायचं. नीरोने इ.स. ६४ मध्ये ते ७.३ वर आणलं, तर कॅराकॅलाने २१५ च्या सुमारास ६.५ वर. पुढे कॉन्स्टंटाइनने साडेचार ग्रॅमचा सॉलिडस काढला, तो जास्त पातळ. म्हणजे साडेचार ग्रॅमच्या नाण्यावर नीरोचं नाव दिसलं, तर तिथेच शंका घ्या. साडेतीन ग्रॅम भरलं आणि त्यावर संतापुढे गुडघे टेकलेला माणूस असला, तर ती व्हेनिसची डुकाट. आपल्याकडे तिलाच पुतळी म्हणत.

मग नाणं बारीक धाग्याने पाण्यात बुडतं लटकवून पुन्हा वजन करा. ७.३ ग्रॅमचं अस्सल नाणं पाण्यात जेमतेम ०.३८ ग्रॅम हलकं होतं. मुलामा दिलेलं पितळ त्याच्या दुपटीहून जास्त हलकं होईल. सोनाराच्या कसोटीवर मात्र घासू देऊ नका, तो ओरखडा कायमचा राहतो. आणि सोनं खरं निघालं म्हणून नाणं खरं ठरत नाही. खऱ्या सोन्याचीही नकली नाणी आहेत.

आता भिंगाखाली कड फिरवून बघा. रोमन नाणी दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने पाडत. कडेला साच्याची शिवण किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले, तर ते ओतलेलं आहे.

खरी मजा अक्षरांत आहे, तिथे घाई करू नका. 'यू'च्या जागी 'व्ही' असतो आणि शब्द तोडून लिहिलेले असतात. 'ए-व्ही-जी' म्हणजे ऑगस्टस, 'आय-एम-पी' म्हणजे इम्पेरेटर; दोन्ही सम्राटाच्या पदव्या. टायबेरियसचं नाणं घ्या. त्यावर 'टी-आय सीझर डिवी ए-व्ही-जी एफ ऑगस्टस' असं असतं, म्हणजे दैवी ऑगस्टसचा मुलगा टायबेरियस. मागे बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्यात फांदी. ती त्याची आई लिव्हिया असावी असं बरेच जण मानतात. भोवती 'पॉन्टिफ मॅक्सिम', म्हणजे प्रमुख पुरोहित. इतर सम्राटांच्या नाण्यांवर 'टी-आर पी', म्हणजे ट्रिब्यून या पदाचा अधिकार, आणि पुढे रोमन आकडा सापडला तर फारच छान: तो अधिकार दरवर्षी नव्याने मोजला जाई, त्यामुळे नाण्याचं सालही काढता येतं.

सम्राटाच्या डोक्यावर छिन्नीचा खोल घाव दिसला तर नाणं बाजूला टाकू नका. १८९८ साली तमिळनाडूत पुदुक्कोट्टैला सापडलेल्या ५०१ ऑरियसांपैकी बहुतेकांवर असे घाव होते. भारतात आलेल्या रोमन सोन्याची ती मोठी खूणच आहे.

नाणं शेतात किंवा पाया खणताना मिळालं असेल, तर चिंच-राखेने अजिबात घासू नका. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीच्या अशा ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. कुठे आणि किती खोल सापडलं, सोबत काय होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.