परसबागेतील भाज्यांचे वाळवण: नागपूर परिसरासाठी फेब्रुवारी ते जून या काळातील सल्ला

फेब्रुवारी अर्धा सरला की नागपूर परिसरातील परसबागेत एकाच वेळी सगळे हाताशी येते. मेथी व पालक फुलोऱ्यावर येतात, सांबाराला म्हणजे कोथिंबिरीला दांडे फुटतात, टमाटर दररोज टोपलीभर निघतात आणि वांगी तर शेजाऱ्यांनीही नको म्हणावीत इतकी लागतात. बाजारातही याच सुमारास आवक वाढलेली असल्याने विक्रीतून फारसे काही हाती लागत नाही. उलट जूनच्या मध्यास पाऊस सुरू झाल्यावर नवी लागवड भाजीवर येईपर्यंत घरची भाजी जवळजवळ नसते आणि विकतची परवडत नाही. म्हणून आता निघणारी जास्तीची भाजी त्या दोन महिन्यांसाठी वाळवून ठेवणे हाच सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे.

मेच्या कडक उन्हाची वाट पाहण्याची पद्धत मात्र सोडावी. मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि स्लॅबच्या गच्चीवर थेट पसरलेला पाला वाळण्याऐवजी करपतो. त्याचा रंग तपकिरी होतो, वासही जातो. पालेभाजीसाठी फेब्रुवारीअखेर ते मार्चचा काळ, कोरडी हवा आणि सावली पुरेशी असते. वांगी, टमाटर, गवार व सांडगे यांना मात्र मार्च-एप्रिलचे ऊन मानवते. या काळात विदर्भात अवकाळी पाऊस व गारपीट होत असल्याने हवामान अंदाज पाहून, सलग तीन कोरडे दिवस मिळतील अशा बेतानेच भाजी कापावी.

भाजीवर कोणतेही औषध फवारले असल्यास लेबलवर दिलेला प्रतीक्षा काळ पूर्ण झाल्याशिवाय ती तोडू नये. वाळवताना भाजीतील पाणी उडते, औषधाचा अंश मात्र मागे राहू शकतो.

मेथीची पाने सकाळी दव उतरल्यावर खुडून धुवावीत, पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि बाजेवर अंथरलेल्या जुन्या सुती साडीवर, एकावर एक न पडतील अशी पातळ पसरावीत. वरून मलमलचे कापड झाकावे व संध्याकाळी सारे घरात घ्यावे, कारण रात्रीच्या दवाने दिवसभराचे काम वाया जाते. पालेभाजीत साधारण नव्वद टक्के पाणी असते, त्यामुळे एक किलो निवडलेल्या पानांचे शंभर-सव्वाशे ग्रॅमच वाळवण मिळते. कमी उतारा पाहून खचून जाऊ नये. सांबार वाळवण्यात अर्थ नाही, त्याचा वास टिकत नाही. त्याच्या सांबारवड्या करून खाव्यात आणि काही झाडे धन्यासाठी राखावीत.

वांग्याच्या बोटभर जाडीच्या फोडी मिठाच्या पाण्यात चिराव्यात, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. गवार व फुलकोबी उकळत्या पाण्यात तीनेक मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावी आणि मग उन्हात घालावी. याने रंग टिकतो आणि पावसाळ्यात शिजवताना भाजी चिवट लागत नाही. कोहळ्याचा कीस पिळून घ्यावा व तेच पाणी भिजवलेली मूगडाळ वाटण्यास वापरावे. सांडगे चवदार होतात आणि काही वायाही जात नाही.

खरी चूक होते ती शेवटच्या दोन दिवसांत. वरून कडक झालेली वांग्याची फोड मध्ये ओलसर असू शकते. मागील वर्षी घाईने प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या आमच्याच फोडींवर जुलैत पांढरी बुरशी आली आणि सारा साठा फेकावा लागला. म्हणून परीक्षा घेतल्याशिवाय साठवू नये. मेथी मुठीत चुरली की तिचा कुरकुरीत भुगा झाला पाहिजे, वांग्याची फोड वाकवताच कट्‌कन तुटली पाहिजे. त्यानंतर वाळवण गार करून काचेच्या बरणीत अर्धवट भरावे, झाकण लावून रात्रभर ठेवावे आणि सकाळी काच पाहावी. आतून किंचितही धुके दिसल्यास पुन्हा एक-दोन दिवस ऊन द्यावे. साठ्यात कडुनिंबाचा पाला घालण्याची जुनी रीत आहे, पण ओलाव्यावर तो उपाय नव्हे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, ढग जमण्यापूर्वी, सर्व बरण्यांतील वाळवणाला एकदा ऊन दाखवणे उपयोगी पडते.

टमाटरच्या चकत्या वाळवून भुकटी केल्यास वरणात आंबटपणासाठी चमचाभर पुरते. बाटलीत भरायचेच असल्यास टमाटर पाणी न घालता कुस्करून उकळावेत, अर्ध्या लिटरला पाव चहाचा चमचा लिंबूसत्त्व घालावे, निर्जंतुक बाटल्यांत गरमच भरावेत आणि घट्ट झाकलेल्या बाटल्या पाण्यात पूर्ण बुडवून, पाणी उकळू लागल्यापासून ४० मिनिटे ठेवाव्यात. वालाच्या शेंगा, मटार, गाजर यांसारख्या आंबट नसलेल्या भाज्या मात्र अशा उकळून बाटलीबंद करू नयेत. आम्लता कमी असल्याने त्यांत बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात व त्यांचे विष वासावरून किंवा चवीवरून कळतेच असे नाही. त्या वाळवाव्यात किंवा फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. लसूण तेलात घालून ओट्यावर ठेवण्याचीही सवय याच कारणाने टाळावी.

वापरताना वांग्याच्या फोडी अर्धा तास गरम पाण्यात भिजवून दाण्याच्या कुटात परतल्या की चांगली भाजी होते; वाळलेली मेथी न भिजवताच झुणक्यात टाकावी. बरणीतून काढताना चमचा कोरडा असावा आणि पावसाळ्यात मोठी बरणी रोज न उघडता आठवड्यापुरते वाळवण लहान डब्यात काढून घ्यावे.