ध्रुवीय शास्त्रज्ञांची मुलाखत घेताय? या चुका टाळा

पुण्यातील विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी ध्रुवीय मोहिमांवर जाऊन आलेल्या शास्त्रज्ञांच्या मुलाखती मिळवून देण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे. दर वर्षी विद्यार्थी नवे येतात, चुका मात्र त्याच असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पुस्तकात मिळणारी माहिती माणसाला विचारणे. अंटार्क्टिकावरील भारताचे संशोधन केंद्र 'मैत्री' १९८९ साली शिर्माकर ओॲसिस या बर्फमुक्त भागात उभे राहिले, तिथलेच दुसरे केंद्र 'भारती' २०१२ साली लार्समन टेकड्यांत सुरू झाले, 'हिमाद्री' २००८ पासून आर्क्टिकमधील स्वालबार्ड येथे आहे आणि 'मैत्री'च्या आधीचे 'दक्षिण गंगोत्री' बर्फाखाली गाडले गेल्यामुळे सोडून द्यावे लागले, एवढे तर घरी बसून अर्ध्या तासात वाचता येते. तरीही पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिथे थंडी किती असते?"

काही वर्षांपूर्वी शिवाजीनगरला एका निवृत्त हवामान निरीक्षकांकडे मी चार मुलींना घेऊन गेले होते. त्यांनी 'मैत्री'वर एक संपूर्ण हिवाळा काढला होता. मुलींनी वीस प्रश्न आणले होते. तापमान, जेवण, कपडे, पेंग्विन, आणि विसावा प्रश्न होता पांढऱ्या अस्वलांचा, जी दक्षिण ध्रुवाकडे मुळी नसतातच. सरांनी प्रत्येक उत्तर शांतपणे दिले आणि पाऊण तास संपला. मुलींनी वह्या मिटल्यावर चहा घेताना मी सहज विचारले, "सर, पहिल्याच अर्जात निवड झाली का?" तेव्हा कळले की पहिल्या वर्षी वैद्यकीय तपासणीत त्यांचे नाव गळले होते. ते वर्ष त्यांनी कचेरीच्या कार्यशाळेत उपकरणे दुरुस्त करायला शिकण्यात घालवले, आणि पुढच्या वेळी निवड करताना तीच गोष्ट त्यांच्या बाजूने मोजली गेली, कारण बर्फात बिघडलेले यंत्र दुरुस्त करायला बाहेरून कोणी येणार नसते. मुलाखत खरे तर तिथे सुरू होत होती, पण रेकॉर्डर बंद होता आणि सरांना निघायचे होते. त्या दिवसापासून विद्यार्थी प्रश्नांची यादी घेऊन आले की ज्या प्रश्नाचे उत्तर छापील मिळते तो मी पेन्सिलीने खोडते आणि जे उरतात तेवढेच घेऊन जायला सांगते. कधीकधी दोनच उरतात आणि ते पुरतात.

दुसरी चूक याच्या जवळची आहे: फक्त बर्फावरच्या दिवसांबद्दल विचारायचे आणि तिथवर पोहोचण्याची वर्षे सोडून द्यायची. डॉ. अदिती पंत आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता भारताच्या १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ, हे सगळे पाठ असते. पण पंत यांनी पुण्यात पदवी घेतली, पुढे हवाई आणि लंडन येथे सागरी जीवशास्त्राचे शिक्षण घेतले आणि गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केले, हे कोणी वाचून येत नाही. करिअरची मुलाखत म्हणजे या मधल्या वर्षांची मुलाखत. कोणता विषय सोडला, कोणी नको म्हटले, पगार कधी सुरू झाला, हे विचारायला लाजू नये.

वेळेचीही चूक होते. शाळांचे प्रकल्प डिसेंबरात द्यायचे असतात आणि दक्षिणेकडे उन्हाळा असल्यामुळे मोहिमेवरची मंडळी नेमकी तेव्हाच तिकडे असतात. पत्र जुलैत पाठवावे. शेवटच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्यांसाठी मी आता फोन करत नाही.

एकच मजकूर दहा जणांना पाठवू नये. तो लगेच ओळखू येतो.

'शास्त्रज्ञच हवेत' असा हट्ट धरू नये. हिवाळाभर तिथेच राहणाऱ्या तुकडीत डॉक्टर, अभियंते, विद्युततंत्रज्ञ आणि स्वयंपाकी यांच्यावाचून केंद्र चालत नाही.

रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्यावी.

मुलाखतीनंतर मसुदा त्यांना वाचायला न पाठवणे ही आळसाची चूक आहे आणि तिला मी माफ करत नाही. एका गटाने 'मैत्री'च्या जागी 'भारती' छापले. दोन्ही केंद्रांत दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे आणि मुलाखत दिलेल्या बाईंनी आयुष्याचे वर्षभर जिथे काढले ते ठिकाणच चुकले. मी मसुद्यातील प्रत्येक साल, आकडा आणि केंद्राचे नाव अधोरेखित करून पाठवायला लावते आणि उत्तरासाठी आठवडाभर थांबते.